पुडीमागून पुडी

26 जून 2022 नंतर युरोपीय संघात डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात औषधी मात्रेत झिंक ऑक्साइड मिसळायला बंदी आली. निर्णय 2017 मध्येच झाला होता. वराहपालकांना पाच वर्षांची मुदत दिली होती. पिल्लाच्या शरीराला जस्त लागतेच, पण ते खाद्याच्या किलोमागे शंभर-दीडशे मिलिग्रॅम. आईपासून तोडल्यावर लागणारी हगवण रोखण्यासाठी मात्र अडीच हजार मिलिग्रॅमपर्यंत घातले जाई. एवढे जस्त अंगी लागत नाही. बहुतेक सगळे विष्ठेतून बाहेर पडते, खताबरोबर शेतात जाते आणि मातीत साठत राहते. शिवाय जस्ताला पुरून उरणाऱ्या जिवाणूंमध्ये प्रतिजैविकांना दाद न देण्याचे गुणही सोबतीने टिकून राहतात, असे डुकरांतल्या एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरच्या अभ्यासांतून दिसले होते. बंदी रास्तच होती. ती आल्यावर रिकामी झालेली जागा घ्यायला वनस्पतींचे अर्क पुढे सरसावले. ओरेगॅनो, थाईम, दालचिनी, लसूण, लवंग, शहाजिरे यांची तेले आणि भुकट्या 'निसर्गाकडे परत' अशा भाषेत विकल्या जाऊ लागल्या. या मालाचा इतिहास पाहिला, तर त्यात परतीचा प्रवास दिसत नाही. पिल्लाच्या पोटावर गेली दीडशेहून अधिक वर्षे एकामागून एक पुड्या दिल्या गेल्या आणि वनौषधी ही त्यांतली ताजी पुडी आहे. ती गुणकारी आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न दुसराच आहे: मुळात हे पोट बिघडते कशाने?

डुक्कर मोकळे सोडले, तर मादी पिल्लांना किती दिवस पाजते, हे 1980च्या दशकात स्वीडनमधल्या अभ्यासकांनी पाळीव डुकरांना मोकळ्या रानात ठेवून पाहिले. तिथे दूध पूर्ण सुटायला सरासरी सतरा आठवडे लागले. सुटलेही ते हळूहळू. मादी पाजण्याच्या वेळा कमी करत जाते, पिल्लू आईच्या मागे फिरत माती उकरते, मुळे-गवत चघळते, आणि त्याचे पोट रोज थोडे थोडे नव्या अन्नाला सरावते. बंदिस्त गोठ्यात हेच काम एका सकाळी उरकले जाते. तीन-चार आठवड्यांची पिल्ले आईपासून उचलायची, अनोळखी पिल्लांत मिसळायची आणि समोर कोरडा भरडा ठेवायचा. पहिला दिवसभर कितीतरी पिल्ले त्याला तोंडही लावत नाहीत. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1986 मध्ये मोजले तेव्हा, एकविसाव्या दिवशी तोडलेल्या पिल्लांच्या लहान आतड्यातले, अन्न शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे एका दिवसात सुमारे पाव हिश्शाने खुजे झालेले आढळले. दूध सुटले की त्यातली लॅक्टोजही जाते, आणि तिच्यापासून तयार होणारे व जठर आंबट ठेवणारे लॅक्टिक आम्लही कमी होते. एवढ्या कोवळ्या वयात जठराला स्वतःचे आम्ल पुरेसे करता येत नाही. आईच्या दुधातून रोज मिळणारी, आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडेही त्याच दिवशी थांबतात. पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती तेव्हा अर्धीकच्चीच असते. न पचलेली प्रथिने पुढे सरकून आंबतात, ई. कोलायच्या विषारी जाती आतड्याला चिकटतात, आणि पिल्लू पाण्यासारखे हगू लागते. जिवाणू आहे म्हणून हा रोग आहे हे खरे. पण त्या जिवाणूला दार उघडून देणारी तारीख माणसाने ठरवलेली असते.

ही तारीख फार जुनी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये आणि युरोपात बहुतेक ठिकाणी पिल्ले आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ राहत. त्या काळीही पुड्या होत्या, पण त्या वेगळ्या दाव्यावर विकल्या जात. 1850च्या दशकापासून इंग्लंडमध्ये जनावरांच्या 'मसालेदार खाद्या'ची लाट आली. लंडनच्या थॉर्लीचे खाद्य त्यातले सर्वांत गाजलेले. जवसाच्या किंवा इतर धान्याच्या पिठात मेथी, बडीशेप, शहाजिरे, जेन्शियनचे कडू मूळ, हळद, मीठ असे पदार्थ मिसळत, आणि साध्या पिठाच्या कितीतरी पट भावाने ते विकत. या मसाल्यांपैकी काही हिंदुस्थानातून येत. आपल्या फोडणीच्या डब्यातली मेथी तिकडे डुकराला मांस चढवणारा खुराक झाली होती. दावा असा, की मसाल्याने भूक वाढते, पचन सुधारते आणि तेवढ्याच दाण्यावर जास्त मांस चढते. आजच्या जाहिराती वाचल्या, तर त्यातला एकही शब्द नवा वाटणार नाही.

इंग्लंडमधल्या रोथॅम्स्टेडच्या जॉन बेनेट लॉज यांनी हा दावा तपासायला घेतला. हा माणूस खतांच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध, पण डुकरे आणि मेंढ्या काय खातात व किती वाढतात याचे बारीक हिशेबही तो ठेवत असे. खाद्य मोजायचे, वजन मोजायचे, मसाल्यावर आणि मसाल्याविना वाढ शेजारी शेजारी ठेवून पाहायची, अशी त्याची पद्धत. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. घोडा, बैल, मेंढी, डुक्कर या सगळ्यांना ही महागडी खाद्ये रोज घातल्याने शेताचा ताळेबंद वर्षअखेरीस सुधारेल, हे पटायला आजवर मिळाला त्याहून कितीतरी स्पष्ट पुरावा लागेल, असा त्याचा अर्थ. विषारी आहे असे लॉज म्हणाला नाही, निरुपयोगी आहे असेही ठामपणे म्हणाला नाही. दावा करणाऱ्याने पुरावा आणावा आणि तो जनावराच्या अंगावर व पैशाच्या वहीत दिसावा, एवढीच त्याची मागणी होती. वनौषधींची बाजू घेणारे आज परंपरेचा दाखला देतात, की शेकडो वर्षे हे मसाले जनावरांना घातले जात आहेत, म्हणजे त्यांत तथ्य असणारच. लॉजच्या वहीत या आक्षेपाला उत्तर आहे. वापर जुना आहे, एवढ्याने त्याची परीक्षा झाली असे होत नाही. आणि जिथे ती झाली, तिथे परंपरा पास झाली नाही. शिवाय त्या परंपरेतले पिल्लू आठ आठवड्यांचे होते. चार आठवड्यांच्या पिल्लाबद्दल तिच्यापाशी काही सांगण्यासारखेच नव्हते.

दुसरी पुडी प्रयोगशाळेतून आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ले कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबडीच्या खाद्यात कोणते अज्ञात पोषणद्रव्य कमी पडते याचा शोध घेत होते. 1948 च्या अखेरीस त्यांच्या लक्षात आले, की ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार केल्यावर उरणारा चोथा खाल्लेली कोंबडीची पिल्ले अपेक्षेपेक्षा फार झपाट्याने वाढतात. आधी वाटले हे ब12 जीवनसत्त्व असेल. मग कळले, की चोथ्यात राहून गेलेल्या प्रतिजैविकाचाच हा गुण. डुकरांवरही तोच परिणाम दिसला, आणि 1950 च्या एप्रिलमध्ये ही बातमी जगभर गेली. अमेरिकेने 1951 मध्ये असे खाद्य चिठ्ठीशिवाय विकायला मुभा दिली, ब्रिटनने 1953 च्या कायद्याने. वाढ का होते, हे नेमके कुणाला ठाऊक नव्हते. वाढ होते, तीही टनामागे काही ग्रॅम औषधावर, एवढे पुरेसे होते.

या पुडीने केवळ वजन वाढवले नाही. तिने तारीखच हलवली, आणि या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घडामोड मला हीच वाटते. पूर्वी पिल्लू तीन आठवड्यांत तोडले, तर ते हगून मरे. आता औषधाच्या आधाराने तगू लागले. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला फायझर कंपनीने 'टेरालॅक' नावाचे कृत्रिम डुकरीदूध काढले. त्यात टेरामायसिन हे प्रतिजैविक मिसळलेले होते, आणि कल्पना अशी की पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून वेगळे करून त्यावर वाढवावे. तो प्रयोग धंदा म्हणून टिकला नाही, पण दिशा पक्की झाली. मागचा हिशेब सोपा आहे. डुकरीण सुमारे 115 दिवस गाभण असते आणि पिल्ले तोडल्यावर आठवडाभरात पुन्हा माजावर येते. आठ आठवडे पाजले, तर एक फेरा 178 दिवसांचा होतो, म्हणजे वर्षाला जेमतेम दोन वेत. चार आठवडे पाजले, तर फेरा 150 दिवसांचा, म्हणजे वर्षाला सुमारे 2.4 वेत. हा चार दशांशांचा फरक शेकडो माद्यांच्या गोठ्यात लाखोंचा होतो. तो कमावण्याची किंमत पिल्लाच्या आतड्याने द्यायची आणि तिची खूण औषधाने झाकायची, अशी ही व्यवस्था बसली. ती इतकी अंगवळणी पडली, की हगवण हा पिल्लाच्या वयाचाच धर्म आहे असे पशुवैद्यकाच्या पुस्तकांतूनही वाटू लागावे.

धोक्याची जाणीव करून देणारे होतेच. ब्रिटनच्या स्वान समितीने 1969 मध्ये सांगितले, की माणसाच्या उपचाराला लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत. पण त्या सल्ल्यातून वाट काढून इतर औषधे चालूच राहिली. खरी कसोटी स्वीडनने दिली. तिथे 1 जानेवारी 1986 पासून वाढीसाठीची सगळी प्रतिजैविके बंद झाली, आणि मागणी शेतकऱ्यांच्याच संघटनेची होती. पुढे काय झाले ते लपवण्यात अर्थ नाही. तोडलेल्या पिल्लांची मर दीड टक्क्याने वाढली, आणि 25 किलो वजनाला पोहोचायला पाच-सहा दिवस जास्त लागू लागले. हगवण आटोक्यात आणायला पशुवैद्यांच्या चिठ्ठीने औषधी खाद्य आणि जस्त भरपूर वापरले गेले. बंदीचे विरोधक या वर्षांकडे बोट दाखवून म्हणत, की पुडी काढली की पिल्ले मरतात. पहिल्या दोन-तीन वर्षांपुरते ते बरोबर होते. पण स्वीडिश पालकांनी नंतर जे केले, ते या वादाला वेगळ्याच ठिकाणी नेते. त्यांनी तोडण्याचे वय पुढे ढकलले, एका वयाची पिल्ले एकत्र ठेवून खोली पूर्ण रिकामी करून धुण्याची पद्धत लावली, खाद्यातली प्रथिने कमी केली, खाली पेंढा घातला, कुंपणातली जागा वाढवली. हळूहळू औषधी खाद्य आणि जस्त, दोन्हींची गरज घटत गेली. आज युरोपात पशूंमध्ये सर्वांत कमी प्रतिजैविके वापरणाऱ्या देशांत स्वीडन आहे.

डेन्मार्कची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिथे डुकरे माणसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि मोजदाद काटेकोर आहे. 1994 मध्ये तिथे निव्वळ वाढीसाठी सुमारे 115 टन प्रतिजैविके जनावरांच्या पोटात गेली. 1995 मध्ये अॅव्होपार्सिनवर बंदी आली, कारण त्याला सरावलेले जिवाणू माणसाच्या उपचारातल्या व्हॅन्कोमायसिनलाही जुमानत नव्हते. 1998 मध्ये मोठ्या डुकरांच्या आणि 1999 च्या अखेरीस पिल्लांच्या खाद्यातूनही वाढीची औषधे गेली. त्यानंतर पिल्लांतली हगवण वाढली आणि उपचारासाठीचा औषधवापर चढला. मग बंदी फसली का? डॅनिश अभ्यासकांनी 1992 ते 2008 या काळाचा हिशेब मांडला. एक किलो डुक्कर तयार करायला लागणारी प्रतिजैविके 100 मिलिग्रॅमवरून 49 वर आली, आणि वर्षाला तयार होणारी डुकरे एक कोटी 84 लाखांवरून दोन कोटी 71 लाखांवर गेली. पिल्लांची वाढ आणि मर हे आकडेही काही वर्षांच्या घसरणीनंतर सावरले. म्हणजे बंदी फसली नाही. पण डेन्मार्कने स्वीडनसारखी तारीख फारशी हलवली नाही. त्याने जस्ताची पुडी धरली. तिचा गुण 1980च्या दशकाच्या अखेरीस डॅनिश संशोधनातूनच पुढे आला होता. त्याच काळात मादीच्या वेतातली पिल्ले वाढवणारी पैदास जोमात चालू झाली. आज डॅनिश मादीला एका वेतात सतरा-अठरा जिवंत पिल्ले होतात आणि सड चौदा-पंधराच असतात. दुधाचा वाटा असा कमी झालेले पिल्लू चार आठवड्यांनी तोडायचे आणि वर पुडी द्यायची, असे चालले. 2022 मध्ये जस्तही गेले तेव्हा पिल्लांच्या हगवणीसाठी निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर तिथे वाढला, याचे आश्चर्य वाटू नये.

आता वनौषधींकडे. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतला आहे. थाईममधले थायमॉल, ओरेगॅनोतले कार्वाक्रॉल, दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये ई. कोलायला मारतात. यात शंका नाही. ओव्याचे पाणी पोटदुखीला देणाऱ्या घरांना तर थायमॉलची ओळख करून द्यायलाच नको, कारण ओव्याच्या तेलाचा मोठा हिस्सा थायमॉलचाच असतो. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जात असे आणि तिथे त्यातून औषधी थायमॉल काढले जाई. पण बशी आणि आतडे यांत अंतर आहे. बेल्जियन संशोधकांनी 2008 मध्ये पिल्लांना ही तेले देऊन आतड्याच्या वेगवेगळ्या भागांत ती किती उरतात ते मोजले. जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच ती जवळजवळ सगळी शोषली गेलेली दिसली. ई. कोलायची खरी वस्ती त्यापुढे असते. तिथवर औषध न्यायचे, तर चरबीच्या किंवा तशाच आवरणात गुंडाळावे लागते, नाहीतर मात्रा इतकी वाढवावी लागते की वासानेच पिल्लू खाद्य टाकते. आधीच न खाणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत हा दोष लहान नाही.

'पण गोठ्यातल्या प्रयोगांत फायदा दिसला आहे,' असे विक्रेते सांगतात, आणि काही प्रयोगांत तो दिसलाही आहे. इतर प्रयोगांत काहीच दिसलेले नाही. या उलटसुलट निकालांचे कारण रोपातच आहे. एकाच ओरेगॅनोत कार्वाक्रॉलचे प्रमाण जात, माती, कापणीचा हंगाम आणि वाळवण्याची रीत यांवर कितीतरी बदलते, तेव्हा एका पोत्यावरचा निकाल दुसऱ्या पोत्याला लागू पडेलच असे नाही. यात कायद्याचीही एक वाट आहे. युरोपच्या 2003 च्या खाद्यपूरक कायद्यात आतड्याच्या आरोग्याचा दावा करणाऱ्या पदार्थाला परिणामाचा पुरावा द्यावा लागतो, चव आणि वास देणाऱ्या पदार्थाला तसा द्यावा लागत नाही. बहुसंख्य वनस्पती-अर्क 'स्वाद' म्हणूनच नोंदले गेले. बाजारात त्यांचे गुणगान मात्र आतड्याच्या भाषेत होते. शहाजिऱ्याचे व लिंबाचे तेल आणि वाळलेल्या मसाल्यांच्या एका मिश्रणाने अवघड दारातून, पिल्लांवरच्या चाचण्या दाखवून, परवानगी मिळवली, हे त्या मिश्रणाला भूषणावह आहे. जे एकाला जमले ते इतरांना मागायला हरकत नसावी. पुराव्याची ही मागणी म्हणजे वनौषधींशी वैर नव्हे. लॉजने थॉर्लीकडे जे मागितले होते, तेच आज मागायचे आहे.

माझे म्हणणे पुडी फेकून द्या असे नाही. उशिरा तोडलेल्या, नीट झोपायला जागा असलेल्या, कमी प्रथिनांचे पण पचायला हलके खाद्य मिळालेल्या पिल्लाला ओरेगॅनोचे तेल थोडा आधार देत असेल, तर ते जरूर द्यावे. पण तीच पुडी तिसऱ्या आठवड्यात तोडलेल्या, चौदा सडांवर अठरांत वाढलेल्या पिल्लाला देऊन 'प्रतिजैविकमुक्त' असा शिक्का मारणे, हे 1950 चेच काम नव्या नावाने करणे आहे. यावर शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप पैशाचा आहे: पिल्ले उशिरा तोडली तर वेत कमी होतात आणि डुकराचे मांस महागते. युरोपच्या सेंद्रिय नियमांत किमान 40 दिवस दूध पाजावे लागते. वरच्याच हिशेबाने तो फेरा 162 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 2.25 वेत. चार आठवड्यांच्या तुलनेत वेतांत आठ टक्क्यांच्या आतली घट. ती सोसणे सोपे नाही, हे मान्य. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही मोजले पाहिजे: मेलेली पिल्ले, औषधांचा आणि आता अर्कांचा खर्च, शेतात साठलेले जस्त, आणि माणसाच्या रुग्णालयात निकामी झालेली औषधे. 2015 मध्ये चीनमधल्या डुकरांत सापडलेल्या एमसीआर-1 जनुकाने कोलिस्टिनसारखे शेवटचे अस्त्रही बोथट होऊ शकते, हे दाखवले. महाग मांसाचा हिशेब मांडताना ही किंमत कुणाच्या वहीत लिहायची, हे ठरवणे टाळता येत नाही.

भारताने जुलै 2019 मध्ये खाद्यपशूंसाठी कोलिस्टिन बंद केले, ते याच भीतीने आणि योग्यच केले. इथेही ती जागा भरायला 'हर्बल' पुड्या आल्या आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात वराहपालन लहान लहान कळपांत आहे आणि अनेक घरांत पिल्ले आजही आईमागे दीड-दोन महिने फिरतात. तिथे तोडण्याचे वय अजून कंपनीने ठरवलेले नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने किंवा गोव्याच्या पशुसंवर्धन खात्याने पिल्लांवर वनौषधींचा प्रयोग हाती घेतला, तर माझी एकच विनंती आहे: अर्क दिलेला गट आणि न दिलेला गट यांच्यासोबत तिसरा गट ठेवा, ज्याला काहीही घातलेले नाही, फक्त दोन आठवडे जास्त आईचे दूध मिळालेले आहे. निकाल छापताना तिन्ही गटांची मर आणि तिन्हींचा खर्च शेजारी शेजारी छापा.